माझ्या पोटातले चोपन्न हिवाळे

मी एक जुनी गोधडी आहे, मित्रांनो, आणि मागाहून तक्रार नको म्हणून आधीच सांगून ठेवते: मला थापा मारायची सवय आहे. बायका वय कमी करून सांगतात म्हणे. मी वाढवून सांगत आले. जुन्या वस्तूंमध्ये वयाला मान असतो. शेजारी शंभर वर्षांचं घड्याळ बसलेलं असलं, की आपल्याला एकशे तीसच्या खाली उतरून चालत नाही.

तर मी एकशे तीस वर्षांची. अमेरिकेतल्या डकोटा नावाच्या मुलखात, जिथे हिवाळ्यात घोड्यांच्या मिशा गोठतात, तिथला माझा जन्म. तिथल्या सू लोकांपैकी एका म्हातारीने मला शिवलं. मग तिच्या मुलाच्या खांद्यावर बसून मी जहाजाने ऑस्ट्रेलियाला निघाले. वाटेत मला एका देवमाशाने गिळलं. पण माझी लोकर त्याच्या घशाला टोचली आणि त्याने मला थेट मेलबर्नच्या धक्क्यावर थुंकून टाकलं.

हे मी घड्याळाला सांगितलं, लाकडी पेटीला सांगितलं, माझ्यावर झोपणाऱ्या कुत्र्याला तर रोज सांगितलं. कुणी हरकत घेतली नाही. हळूहळू माझाही त्यावर विश्वास बसला. यातलं खरं किती आणि खोटं किती, हे मला यंदाच्या जुलैपर्यंत खरोखरच ठाऊक नव्हतं. कसं असणार? गोधडीला आपली वरची बाजू दिसते, खालची दिसते. पोटात काय शिवलंय ते कधी दिसत नाही.

दिसायला मी देखणी आहे. अंगभर एक मोठा आठ टोकांचा तारा आहे. शंकरपाळ्याच्या आकाराचे पाचशे बारा तुकडे एकमेकांना जोडून तो केलेला. बहुतेक तुकडे शिंप्याकडच्या सुटाच्या नमुन्यांचे, राखी, तपकिरी, काळपट निळे. फक्त मधले आठ लाल आहेत. ते मला नेहमी इतरांपेक्षा ऊबदार वाटत आले. का, ते पुढे सांगते.

थापा मारायला मला शिकवलं आल्फने. आल्फ म्हणजे माझ्या मालकिणीचा, मेव्हिसचा, बाप. मेलबर्नपासून चार तासांवर गव्हाची शेती असलेला एक सपाट मुलूख आहे, विमेरा नावाचा. तिथलं एक लहानसं गाव. एक पिठाची गिरणी, एक बेकरी, एक पब. थंडीत आल्फ मला खांद्यावर टाकून पबमध्ये जायचा आणि शेकोटीजवळची खुर्ची पकडायचा. मग म्हणायचा, "माझ्या बापाचं नाव जो. सू होता तो, सू! घोड्यांचे खेळ करणाऱ्या कंपनीबरोबर अठराशे एक्क्याण्णव साली इथे आला. कंपनी परत गेली, हा राहिला. का? तर नोरा नावाच्या आयरिश धोबिणीने त्याचा सदरा इतका पांढरा धुतला, की त्याला तिला सोडून जाववेना."

नोरा म्हणजे आल्फची आई. पुढे गोष्टी चढत जायच्या. एका वर्षी गावात आभाळातून मासे पडले आणि जोने ते टोपीत झेलले. एका वर्षी अफगाण उंटवाल्याच्या उंटाने तीच टोपी खाल्ली. एका वर्षी पूर आला, तेव्हा जोचा घोडा पोहत पोहत बेकरीच्या छपरावर चढला आणि तीन दिवस तिथूनच गावाकडे बघत राहिला.

लोक हसून लोळायचे. "आल्फ, तुझा बाप सू, तर मी इंग्लंडचा राजा!"

हसणं मोठ्यांचं पबमध्ये राहतं, पण मुलांचं शाळेत जातं. मेव्हिसला वर्गातली पोरं विचारायची, "काय गं, आज तुमच्याकडे मासे पडले का?" ती घरी येऊन माझ्यात तोंड खुपसायची. मला तेव्हा कळायचं, की लोकर पाणी किती शोषते.

आल्फ वारला, त्या संध्याकाळी पबमधल्या लोकांनी ग्लास उंच करून म्हटलं, "गावातला सगळ्यात मोठा खोटारडा गेला!" प्रेमानेच म्हटलं हो. पण मेव्हिस दारात उभी होती. ती घरी आली, मला चार घड्या घातल्या आणि पेटीत टाकलं. तिथे मी पस्तीस वर्षं पडून होते. मधून मधून कुत्र्याला अंथरायला बाहेर काढायचे, तेवढाच वारा.

गेल्या वर्षी मेव्हिस अंगणात पडली आणि तिचा खुबा मोडला. एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईने एकटं राहू नये म्हणून तिचा मुलगा रॉस तिला आपल्या घरी पॉइंट कुकला घेऊन आला. समुद्राजवळची नवी वस्ती, सगळी घरं एका साच्यातली. रॉसची बायको मिताली पुण्याची, आयटीवाली. त्यांना अकरा वर्षांची मुलगी, श्रिया. माझी पेटी उघडली ती श्रियाने.

"नॅन, हे रिअल आहे? आपण रिअली सू आहोत?" श्रिया नॅनशी, म्हणजे या आजीशी, इंग्रजीतच बोलते. तुमच्यासाठी मी त्याचं मराठी करते, पण तिचं 'रिअली' मला काही सोडवत नाही.

"माझे वडील तसं म्हणायचे," मेव्हिस म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

रॉसने एक काचेची नळी मागवली. नळीत थुंकायचं, पाठवून द्यायचं, सहा आठवड्यांत आपले पूर्वज कोण ते कळतं. मेव्हिसने ती नळी बघितली आणि सरळ ड्रॉवरमध्ये टाकली. "थुंकून मी माझ्या बापाची परीक्षा घ्यायची? नको."

"नो वरीज, मम," रॉस म्हणाला. पण मला कळलं होतं. ऐंशी वर्षं तिचे अश्रू प्यायलेली मी, मला नाही कळणार? तिला भीती वाटत होती. नळीने 'नाही' म्हटलं असतं, तर पबमधले लोक खरे ठरले असते आणि आल्फ कायमचा खोटा.

मे महिन्यात मितालीचे आईवडील पुण्याहून आले, सुहासिनीबाई आणि चंद्रहासराव. चंद्रहासराव भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या जमिनींच्या नोंदी तपासल्या. त्यामुळे त्यांना कुणी 'आज ऊन छान पडलंय' म्हटलं, तरी ते आधी खिडकीतून खात्री करून घेतात. एकदा जेवताना माझा विषय निघाला.

"ते सगळं ठीक आहे. पण नोंद कुठे आहे?" चंद्रहासराव म्हणाले. "आमच्या अकरा पिढ्यांची नावं नाशिकच्या उपाध्यांच्या वहीत आहेत. कुणीही जाऊन बघावं."

"बाबा, प्लीज," मिताली म्हणाली.

"अगं, मी फक्त विचारतोय. नोंद नसेल, तर दंतकथाच म्हणायची ती."

मेव्हिसने श्रियाला विचारलं, "काय म्हणतायत?"

श्रियाने चपातीचा घास गिळला आणि अगदी प्रामाणिकपणे भाषांतर केलं. "आजोबा म्हणतायत, ती फेअरी टेल आहे."

मेव्हिसने चमचा खाली ठेवला. वॉकर पुढे ओढला आणि टक टक करत खोलीत निघून गेली. दार लागलं.

"झालं समाधान?" सुहासिनीबाई म्हणाल्या. "विहीणबाई अर्ध्या पानावरून उठल्या."

"मी काय खोटं बोललो?"

"खरं बोलायला तुम्हाला नेमकी जेवणाचीच वेळ सापडते."

रॉसने मग वेगळी वाट धरली. अमेरिकेत साउथ डकोटात अशाच ताऱ्याच्या रजया शिवणाऱ्या बायकांचा एक गट आहे, त्यांना त्याने माझे फोटो पाठवले. तिथून डोरीन नावाच्या आजींचं उत्तर आलं. शनिवारी सकाळी व्हिडिओवर दाखवा, बघते. घरात एकदम परीक्षेच्या आदल्या दिवसासारखं झालं. मेव्हिस कुणाशी धड बोलेना.

आणि आता ऐका, मित्रांनो, माझ्यावर काय बेतलं ते.

गुरुवारची सकाळ. रॉस कामाला, श्रिया शाळेत, मिताली मेव्हिसला घेऊन फिजिओकडे. सुहासिनीबाईंनी मला पेटीतून काढलं, उलटं केलं आणि नाकाला पदर लावला.

"अहो, ही परवा त्या बाईंसमोर धरणार आहेत ना? अस्तर बघितलंत? नुसत्या चिंध्या. कुत्र्याचे केस वेगळेच. काय म्हणतील त्या? घरात दोन-दोन बायका असून गोधडीची ही दशा?"

"विचारलंस का कुणाला?" चंद्रहासराव मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाले.

"गोधडीचं अस्तर बदलायला काय विचारायचं? माझी आई दर दोन वर्षांनी बदलायची. उसवायचं, धुवायचं, जुनं पातळ लावायचं, झालं."

त्यांनी बाथटब कोमट पाण्याने भरला. त्यात साबण कालवला. मग मला पलंगावर पालथं पाडलं आणि कात्री काढली.

मी डकोटातल्या अस्वलांना भ्यायले नव्हते. (मी तिथे गेलेच नव्हते, हा भाग वेगळा.) पण त्या कात्रीला भ्यायले. कर्र, कर्र, कर्र. एक बाजू, दुसरी बाजू, तिसरी. ऐंशी वर्षं बांधलेला दोरा सुटत गेला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पोटाला वारा लागला. आधी निघाली पिठाची पोती, गिरणीचा छाप असलेली. ती त्यांनी बाजूला टाकली. त्यांच्याखाली घडी घातलेलं आणखी एक मोठं पोतं होतं, उकलून चादरीसारखं केलेलं. सुहासिनीबाईंनी ते उलगडलं आणि त्यांचा हात थांबला.

"अहो," त्या म्हणाल्या. "इकडे या. चष्मा लावून या."

त्या कापडावर चित्रं होती. मधून सुरू होऊन गोल गोल बाहेर जाणारी, गोगलगाईच्या शंखासारखी. एकेक चित्र अंगठ्याएवढं. घोडा, जहाज, घर, बाई, पाऊस. शाईने, विटकरीच्या तांबड्याने आणि एका गर्द निळ्याने काढलेली. चंद्रहासराव वाकले, ते वाकूनच राहिले. पाच मिनिटं एक शब्द बोलले नाहीत. सुहासिनीबाई सांगतात, लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, असं पहिल्यांदाच घडलं.

सुहासिनीबाईंनी निळ्या रंगावरून अगदी हलकं बोट फिरवलं. बोटाच्या टोकाला रंग लागला. "ही तर नीळ आहे. कपड्यांना घालतो ती." मग त्यांना तो भरलेला टब आठवला. त्या धावत बाथरूममध्ये गेल्या आणि भरलेल्या टबाचं बूच खेचून काढलं. पाणी गुळगुळ करत निघून गेलं. तेवढ्या पाण्यात माझे सगळे हिवाळे विरघळले असते.

त्याच वेळी बाहेर गाडी थांबली.

"आई!" दारातून मितालीची किंकाळी आली. "हे काय केलंस तू? विचारायचं तरी!"

सुहासिनीबाईंनी कात्री पाठीमागे लपवली. मागून टक टक करत मेव्हिस आली. पलंगावर उसवून पडलेली मी तिला दिसले. तिने काही बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिची नजर त्या कापडावर गेली. ती वॉकर सोडून पलंगाच्या कडेवर बसली. एक ढग होता. ढगाखाली एक माणूस टोपी उलटी धरून उभा. आणि ढगातून सरळ रेषेत खाली येणारे, निळे, डोळे असलेले, शेपट्या असलेले...

"मासे पडले होते," मेव्हिस म्हणाली.

तिचं बोट पुढे सरकलं. एक उंट, तोंडात टोपी. त्याच्या पुढच्या वेढ्यात एक छप्पर, आणि छपरावर घोडा, कान ताठ केलेला.

"मासे पडले होते," ती पुन्हा म्हणाली. या वेळी ती कुणाला तरी सांगत होती. वर्गातल्या पोरांना, मला वाटतं. त्यांतलं आता कुणी उरलंही नसेल.

मग तिचं बोट एका ठिकाणी थांबलं. जो-नोराच्या दारातून निघालेला, टोपी घातलेला एक लहान शिपाई, पण त्याला चेहराच काढलेला नव्हता. याची गोष्ट आल्फने कधी सांगितली नव्हती. ज्या गोष्टींना लोक हसले असते, त्या सांगितल्या, आणि ही मात्र त्याने स्वतःजवळ ठेवली. मेव्हिसला त्या दिवशी कळलं, की तिला एक मोठा काका होता, लढाईवरून न परतलेला.

संध्याकाळपर्यंत घराचं कचेरीत रूपांतर झालं. श्रियाने चित्रं मोजली, चोपन्न. रॉसने वाचून सांगितलं, की डकोटातल्या लोकांत दर हिवाळ्याची एक अशी आठवण काढून ठेवायची रीत होती, आणि कित्येक पिढ्यांचा इतिहास अशा एकेका कातड्यावर काढलेला असायचा. चंद्रहासरावांनी कागदावर रकाने आखले. शंखाच्या अगदी टोकाला, शेवटच्या चित्रात, आठ टोकांच्या ताऱ्यात गुंडाळलेलं एक तान्हं मूल होतं.

"मी जुलै त्रेचाळीसची," मेव्हिस हळूच म्हणाली. "आजोबा त्याच हिवाळ्यात गेले."

मित्रांनो, मी इथे दोन गोष्टी एकदम ऐकल्या. एक, ते मूल म्हणजे माझी मेव्हिस. आणि दोन, तारा म्हणजे मी. म्हणजे माझं वय? ब्याऐंशी! पन्नास वर्षांचा मान एका झटक्यात गेला. भिंतीवरचं घड्याळ मला हसलं, शपथ घेऊन सांगते.

पण चंद्रहासरावांचा हिशेब जुळेना. रॉसने जुन्या वर्तमानपत्रांमधून तीन ओळींची बातमी शोधली होती: ऑगस्ट १९०९, पूर, बेकरीच्या छपरावर घोडा. शेवटच्या चित्राला त्रेचाळीस धरून मागे मोजलं, तर घोडा बरोबर १९०९वर येत होता. पहिल्या चित्राला एक्क्याण्णव धरून पुढे मोजलं, तर तोच घोडा १९१०वर. एक हिवाळा जास्त होता.

"एक नोंद चुकीची निघाली, की सगळ्याच संशयास्पद होतात," चंद्रहासराव पुटपुटले. मेव्हिसने ऐकलं. शब्द कळले नाहीत, सूर कळला. तिने हात मांडीत घेतले.

शुक्रवारी दुपारी चंद्रहासराव दोन स्वेटर आणि कानटोपी घालून त्याच कागदासमोर बसले होते. खिडकीबाहेर समुद्रावरून बोचरा वारा सुटलेला. सुहासिनीबाईंनी चहा आणून ठेवला.

"काय हा तुमचा देश!" ते मेव्हिसकडे बघून मराठीतच म्हणाले. "डिसेंबरात पुण्याला कुडकुडलो. वाटलं, संपली थंडी. इथे येतो तो जुलैत पुन्हा हुडहुडी. एका वर्षात दोन दोन हिवाळे माणसाने..."

ते थांबले. कप हातात तसाच राहिला.

"श्रिया! श्रिया, इकडे ये! त्यांना सांग. तो माणूस तिकडच्या हिवाळ्यात निघाला. बर्फ बघ, पहिल्या चित्रात जहाजावर ठिपके आहेत ना, ते बर्फ! आणि इथे उतरल्यावर चार महिन्यांत पुन्हा हिवाळा. त्याला त्या वर्षी दोन झाले. माझ्यासारखेच! त्याने दोन्ही लिहिले. चूक नाही ती. प्रामाणिकपणा आहे!"

ते उठून मेव्हिससमोर गेले. कानटोपी काढली आणि हात जोडले. "विहीणबाई, नोंद आहे."

श्रियाने भाषांतर केलं. "नॅन, आजोबा म्हणतायत, ती फेअरी टेल नाहीये. रिअली."

मेव्हिस हसली आणि रडली, दोन्ही एकदम. मला पलंगावर उसवून ठेवलं होतं, नाहीतर ते पाणी माझ्याच वाट्याला आलं असतं. या वेळी ते सुहासिनीबाईंच्या पदराला मिळालं.

आणि तेव्हा मलाही आठवलं. ही थाप नाही. जो पलंगावर उशीला टेकून बसलाय, सुऱ्याने शंकरपाळे कापतोय, नोरा शिवतेय. मधले आठ तुकडे कमी पडले, तेव्हा त्याने स्वतःचं लाल जाकीट पुढे केलं, तिकडून येताना अंगावर होतं ते. जो गेल्यावर नोराने मला एका बाजूने उसवलं आणि त्याची चित्रं आत शिवून टाकली. त्या काळी इथल्या मूळ रहिवाशांची मुलं सरकारी माणसं घरातून उचलून नेत. नातीच्या अंगातही सावळं रक्त आहे हे कुणाला कळू नये, म्हणून पुरावा पोटात. लढाईवरून परतलेल्या आल्फला ती एवढंच म्हणाली, "तुझ्या बापाची आहे." बापाची म्हणजे डकोटातलीच, असं आल्फने ठरवून टाकलं. तेव्हा माझा डकोटातला जन्म ही आल्फची थाप, देवमासा ही माझी. बाकी सगळं खरं निघालं.

शनिवारी डोरीन आजी पडद्यावर आल्या. मागे शिलाई मशीन, आणि कपाटात घड्या घातलेले तारे, माझ्या मावश्याच जणू. चंद्रहासरावांनी कोट घातला होता. रॉसने कापड कॅमेऱ्यासमोर धरलं. त्या पडद्याजवळ झुकल्या.

"सू हे नाव आम्हाला दुसऱ्यांनी दिलं," त्या म्हणाल्या. "आम्ही लकोटा. आणि याला आम्ही वानियेतू वोवापी म्हणतो, हिवाळ्यांची मोजणी. वर्षातली कुठली गोष्ट ठेवायची, ते सगळ्यांनी बसून ठरवायचं असतं. याच्याजवळ बसायला कुणी नव्हतं. त्रेपन्न वर्षं हा एकटाच बसून ठरवत राहिला." त्यांनी चष्मा पुसला.

मेव्हिसने विचारलं, "मी तुमच्यातली आहे का?"

"ते मी सांगू शकत नाही. तो कुणाचा मुलगा, कुठल्या घरातला, हे शोधावं लागेल. पहिल्या चित्रात त्याच्या डोक्यावरून एक रेघ निघून पक्ष्याला लागलीय, ते त्याचं नाव. मी आमच्या म्हाताऱ्यांना विचारीन. पुढचं काम नोंदणी कचेरीचं, आणि ते सावकाश चालतं."

"सगळीकडे सारखंच," चंद्रहासराव म्हणाले.

"पण एवढं सांगते," डोरीन आजी म्हणाल्या. "हे पुस्तक बघून काढलेलं नाही. कुणीतरी शेजारी बसवून शिकवलंय त्याला." मग त्यांनी भुवई उंचावली. "अस्तर कुणी काढलं?"

सगळ्यांनी सुहासिनीबाईंकडे बघितलं. त्या शिक्षा झालेल्या मुलीसारख्या उभ्या राहिल्या. डोरीन आजी खो खो हसल्या. "माझी आजीही अशीच. कधी विचारायची नाही! ही बाई तुमची कोण?"

"वीनबाय," मेव्हिस म्हणाली. तिला विहीणबाई एवढंच जमतं.

"छान. आमच्यातही नावाने नाही, नात्याने हाक मारतात." मग त्यांनी माझ्याबद्दल सांगितलं आणि मी कान टवकारले. पूर्वी त्यांचे लोक रानगव्याचं कातडं पांघरायचे. गवे संपवले गेले, तेव्हा बायकांनी कापडाचा तारा शिवला, पहाटेचा. कुणाला मान द्यायचा असला, की तो त्याच्या खांद्यावर घालायचा.

"शाल घालतो तसा!" सुहासिनीबाई ओरडल्या. श्रियाला भाषांतर करावंच लागलं नाही. त्यांच्या हातांनीच करून दाखवलं.

"हो, तसाच. तारा पेटीत ठेवायला नसतो." निरोप घेता घेता डोरीन आजी थांबल्या. "पुढची चित्रं कुठे आहेत? मोजणारा गेला. हिवाळे तर येतच राहिले असतील ना?"

त्या दुपारी सुहासिनीबाई माझ्याजवळ आल्या, सुई घेऊन. पण आधी मेव्हिसच्या खोलीचं दार वाजवलं. "विहीणबाई, शिवू का?" त्यांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं असेल.

अस्तराला त्यांनी आपल्या आईचं जुनं सुती पातळ लावलं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. तीन बाजू धावदोऱ्याने शिवल्या. चौथ्या बाजूला अंगरख्याला असतात तसे बंद लावले. दर जुलैत ते सोडायचे, जोचं कापड काढायचं आणि पहिल्या बर्फापासून सगळी चित्रं मोठ्याने सांगायची, असं ठरलं. इंडियन दुकानातून निळीची बाटली आली. मेव्हिसने माझ्या नव्या अस्तराच्या बरोबर मध्यभागी यंदाच्या हिवाळ्याचं चित्र काढलं. पदर घेतलेली एक बाई, आणि हातात तिच्या दुप्पट उंचीची कात्री.

"एवढी मोठी नव्हती हो कात्री!" सुहासिनीबाई म्हणाल्या.

मेव्हिसने रंग वाळू दिला. मग मला उचललं आणि सुहासिनीबाईंच्या खांद्यावर पांघरलं. त्यांचे खांदे हलत होते हे मला कळलं, कारण त्यांच्यावर मी होते.

काचेची नळी अजून ड्रॉवरमध्येच आहे. डोरीन आजींचं पत्र यायचं आहे. मेव्हिस वाट बघते, पण आता घाबरत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी माझ्यासारखी कोपऱ्यात पडली असेल. तिच्यावर कुत्रा झोपवू नका. तिला उन्हात घाला, पांघरा, फाटली तर शिवा. उसवण्याआधी मात्र घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, आणि ते माणूस मासे पडल्याची गोष्ट सांगू लागलं, तर हसण्याआधी पूर्ण ऐकून घ्या.

राहता राहिला देवमासा. पहिल्या चित्रातल्या जहाजाखाली एक लांब, काळी, जाड रेघ आहे, एका टोकाला फुटलेली. चंद्रहासराव म्हणतात, ती लाट आहे. श्रिया म्हणते, रिअली?

मी आपली गप्प बसते.